पान चारशे बारा

धाकट्या मालकांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा. तुम्ही तर वाचलंय हे." आणि मला सांगता येईना. झालं ते एवढंच. टेबलावर ठोकळा उघडा पडला होता, पान चारशे बारा, आणि मी चष्मा वर करून, चष्मा खाली करून त्याच्याकडे पाहत होतो. ठोकळा म्हणजे आमच्या छापखान्यातून निघालेली सर्वांत जाड कादंबरी. तिचा लेखक जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली. तिच्यावर लोकांनी भाषणं केली, प्रबंध लिहिले, पोरांना परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतात. पण बांधणी खात्यात तिला कोणी नावानं ओळखत नाही. पायावर पडली तर अंगठा सुजतो, म्हणून ठोकळा. अकरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीची प्रुफं मी तपासली होती. सहाशे अडतीस पानं, तीनदा. तेव्हा थोरले मालक होते, आणि पुस्तक बाहेर पडल्यावर एकही चूक कोणी दाखवली नाही म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती. आता नवी आवृत्ती निघायची होती, जुन्याच पानांवरून, आणि कुठल्याशा शिंप्याचं पत्र आलं होतं. जाड निब, निळी शाई, ओळी सरळ. 'मी शिंपीकाम करतो. आपल्या पुस्तकातील पान ४१२ वरचे दोन परिच्छेद उलटे पडले आहेत असे वाटते. खालचा वर पाहिजे, वरचा खाली. कृपया पाहावे. बाकी छपाई उत्तम.' त्याखाली दिव्याबद्दल आणि सुईबद्दल आणखी पाचसहा ओळी होत्या, त्या मी तेव्हा धड वाचल्या नाहीत. कारण माझं लक्ष पानावर होतं आणि पानावर मला काही दिसत नव्हतं.

म्हणजे अक्षरं दिसत होती. वरचा परिच्छेद असा: 'तिने शेवटचे बटण लावले, दोरा दाताने तोडला आणि सदरा घडी करून बाजूला ठेवला. मग ती उठून खिडकीशी गेली. थोडा वेळ उभी राहिली. मग तिने दिवा मालवला.' आणि खालचा: 'तो रस्त्याच्या पलीकडे गोदामाच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने खिडकीकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. बारा वर्षे जो दरवाजा त्याने मनात उघडला होता तो वीस पावलांवर होता, आणि त्याचे पाय हलेनात. मग तो वळला आणि आल्या वाटेने चालू लागला.' एकही काना-मात्रा चुकलेली नाही. स्वल्पविराम जागच्या जागी. आधी हे वाचा, मग ते वाचा. आधी ते वाचा, मग हे. दोन्ही मला सारखंच वाटत होतं. तो म्हणजे मिठागरावरचा कारकून, बायको आणि दोन मुलं मागे ठेवून दूरच्या मिठागरावर गेलेला, एवढं मला ठाऊक होतं, कारण मलपृष्ठाचं प्रूफही मीच तपासलं होतं. मालक म्हणाले, ग्रंथालयात कोणाला तरी पाठवतो, तिथे जुनी प्रत असेल, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, नको, मी बघतो. शनिवारी पानं छपाईच्या प्लेटा करायला जायची होती. आज सोमवार होता. "तुमचं बरोबर आहे," मालक म्हणाले, "शिंप्यानं सांगितलं म्हणून काय लगेच मान हलवायची? तुम्ही एकदा सही केलीत की विषय संपला." आणि त्यांनी माझ्याकडे इतक्या विश्वासानं पाहिलं, की मी पत्र खिशात घातलं आणि उठलो.

एकतीस वर्षं मी पुस्तकं उलटी वाचत आलोय. हे कोणाला सांगितलं तर गंमत वाटते, पण आमच्या धंद्यात ती गंमत नाही, ती शिस्त आहे. पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ताडून बघायचं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पाहायचं. पण शेवटचं प्रूफ, पानं लावून झाल्यावरचं, त्याला मूळ प्रत घ्यायची नसते. ते नुसत्या डोळ्यांनी तपासायचं, आणि डोळ्यांचा भरवसा नसतो. अर्थ लागला की डोळे पळतात. मनाला पुढचा शब्द आधीच माहीत असतो, मग ते डोळ्यांना सांगतं, आहे रे बरोबर, चल. म्हणून मी अर्थ लागूच देत नाही. पोस्टकार्डाएवढा एक काळा पुठ्ठा आहे माझ्याकडे, त्याला मधोमध एका ओळीएवढी खिडकी कापलेली आहे. तो पानाच्या तळाशी ठेवायचा, शेवटची ओळ बघायची, उजवीकडून डावीकडे, शब्दागणिक; मग एक ओळ वर. असं वर वर जात पानाच्या डोक्यापर्यंत. गोष्ट मेली की चूक जिवंत होते, असं मी नव्या लोकांना शिकवत असे, आणि ते वहीत लिहूनही घेत. पाठीमागे मला भिंग म्हणतात. मला ते नाव आवडतं. असल्या खिडकीतून दोन परिच्छेदांची अदलाबदल कशी दिसणार? पानं लावणाऱ्याच्या हातून ती झाली असणार, आणि माझ्या खिडकीसमोरून दोन्ही परिच्छेद एकामागून एक, स्वच्छ, निर्दोष, गेले असणार. चूक ओळीत नव्हतीच. ती ओळींच्या मध्ये होती, आणि तिथे मी कधी पाहिलं नाही.

मग मी वाचक कसा? घरात, नात्यात, ऑफिसात सगळे मला वाचक म्हणूनच ओळखतात. खरं सांगायचं तर माझ्या घरी एक फळी आहे आणि तिच्यावर एकोणीस पुस्तकं आहेत. सगळी एकाच मालिकेतली. त्यांतला गुप्तहेर निवृत्त जनावरांचा डॉक्टर आहे, एका पायानं लंगडतो, माणसांपेक्षा घोड्यांवर जास्त विश्वास ठेवतो, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी सगळ्या संशयितांना एका खोलीत जमवून, पाइप न पेटवता नुसता तोंडात धरून, खुनी कोण ते सांगतो. ही एकोणीस पुस्तकं मी किती वेळा वाचली आहेत याचा हिशेब नाही. एकोणीस संपली की पुन्हा पहिलं. मला त्यांत काही घडायची वाट पाहावी लागत नाही. भाची चिडवते, म्हणते, "मामा, खुनी अजून तोच निघतो का?" निघतो. त्यातच तर सगळं सुख आहे. दिवसभर उलटं वाचून आल्यावर सुलटं वाचायचं ते असं, ज्याचा शेवट मला आधीच ठाऊक आहे. बाकी मोठमोठी पुस्तकं, ज्यांना अभिजात म्हणतात, ती सगळी माझ्या हाताखालून गेली होती. कोणी विचारलं, हे वाचलंय का, की मी मान डोलवून म्हणत असे, दोनदा. खोटं नव्हतंच ते. दोनदा तपासलेलं असायचं. आणि लोकही पुढे विचारत नाहीत. ज्यानं वाचलंय त्याला विचारावं तर आपण वाचलेलं नाही हे बाहेर येतं, म्हणून दोघं मान डोलवतात आणि चहा घेतात. विचारलं ते फक्त आक्कानं.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून आक्काच. अक्षरं तिनं शिकवली, तिच्या बोटाच्या मागे माझं बोट असं करत. संध्याकाळच्या आधी, वडील कामावरून यायच्या आत, ती मला गोष्ट वाचून दाखवायची आणि नेमकं शेवटच्या पानावर पुस्तक मिटायची. मध्ये बोट ठेवून. "पुढे काय होतं, सांग बाबू." मग मी सांगायचो, जे सुचेल ते, राक्षस घसरून पडायचा, राजा सगळ्यांना लाडू वाटायचा. ती गंभीरपणे ऐकायची, हसायची नाही. "असू दे," म्हणायची, "तुझंही असू दे." आणि मग पुस्तक उघडून खरा शेवट वाचायची. छापखान्यात लागलो तेव्हा मी तिला प्रुफाच्या खुणा शिकवल्या होत्या. शब्द गाळायचा कसा, जोडायचा कसा, दोन शब्दांची जागा बदलायची तर नागमोडी रेघ एकावरून दुसऱ्याखालून कशी न्यायची. चुकून काही खोडलं आणि ते ठेवायचं असलं, तर त्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, असू द्या. या टिंबांवर ती फार खूश होती. सामानाच्या यादीत खोडलेल्या जिनसांखाली टिंबं द्यायची. मेहुण्यांनी एकदा विचारलं होतं, साखरेला पुरळ का आलाय.

चार वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली. डोळेही गेल्यात जमा होते. डॉक्टर म्हणाले, औषधांमुळे तसं होतं. ठोकळा मीच तिला दिला होता, माझ्या वाट्याची प्रत, अकरा वर्षांपूर्वी. तिनं तो इतकी वर्षं फडताळात ठेवला होता आणि आता, वेळच वेळ म्हणून, उशाशी घेतला होता. पान चारशे साठच्या आसपास बसचं तिकीट खुणेला घातलेलं. माझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो होतो, भाची रिपोर्ट आणायला बाहेर गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. आक्का म्हणाली, "माझे डोळे आता चालत नाहीत रे. पुढे काय होतं, सांग बाबू. तू तर प्रुफं तपासलीस." आणि मी, भिंग, सत्तावीस वर्षांच्या अनुभवाचा, पलंगाच्या कडेला बसून, मला माहीत नाही म्हणू शकलो नाही. मी सांगायला लागलो. कारकून परत येतो म्हणालो. पुष्कळ कमाई करून येतो. आल्या आल्या बायको दार उघडते, मुलगा मोठा झालेला असतो, शेजारीपाजारी जमतात. मी सगळ्यांना एका खोलीत आणलं, कारण माझ्या फळीवरच्या पुस्तकांत शेवटी सगळ्यांना एका खोलीत आणतात. मग तो कारकून उभा राहून सगळं समजावून सांगतो, का गेलो, का राहिलो, आणि सगळ्यांना पटतं. सांगताना माझे कान तापले होते. आक्का डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "बरं झालं. परत आला ना." आणि माझ्या हातावर थोपटलं. पुढच्या महिन्यात ती गेली. त्या गोष्टीची मला चार वर्षं लाज वाटतेय. मरणाऱ्या बहिणीनं एक गोष्ट मागितली आणि मी तिला बनावट माल दिला. म्हणूनच सोमवारी मालकांच्या टेबलापाशी मला घाम फुटला. चारशे बारा पानावर कोणता परिच्छेद आधी, हा प्रश्न होताच, पण त्याच्याखाली दुसरा होता. मी तिच्यापासून काय हिरावून घेतलं, ते त्या पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि आता ते मला वाचावं लागणार होतं.

मंगळवारी कामावर जायच्या आधी भाचीकडे गेलो आणि आक्काची प्रत मागितली. तिनं ती कपाटावरच्या पेटीतून काढून दिली, पुसून. म्हणाली, "हे? तुमच्या डॉक्टरनं घोडा विकला की काय मामा?" मी म्हटलं, रजा घेतली त्यानं. मीही घेतली, शुक्रवारपर्यंत. घरी आलो, खिडकीपाशी खुर्ची ओढली, पहिलं पान उघडलं आणि हात आपोआप खिशाकडे गेला. पुठ्ठा बाहेर काढून मी तो पानाच्या तळाशी ठेवलासुद्धा. मग उचलला, टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. पहिली वीस पानं भयंकर गेली. डोळे प्रत्येक वेलांटीवर थांबत होते, जसा एखादा म्हातारा पायरी चुकेल म्हणून प्रत्येक पायरीवर थांबतो. 'ऱ्हस्व' 'दीर्घ' डोक्यात वाजत होतं. वाक्य संपेपर्यंत त्याचं सुरुवातीचं टोक हातातून सुटायचं. मनात आलं, मला वाचताच येत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी, या धंद्यात, आणि वाचता येत नाही. आक्का आठवली, तिचं बोट. शेवटी मी तेच केलं. ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो, रिकाम्या घरात, दुसरीतल्या पोरासारखा.

कधी ते बदललं मला सांगता येणार नाही. कुठेतरी साठाव्या पानानंतर. कारकून मिठागरावर पोचलेला असतो आणि पुढची अकरा पानं काहीही घडत नाही. नुसतं पाणी आटतं. वाफ्यात समुद्राचं पाणी घेतलेलं असतं, दिवसामागून दिवस ते आटतं, कडेला पांढरी रेघ उमटते, ती जाड होते, माणसं अनवाणी चालतात आणि टाचांच्या भेगांत मीठ जातं आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. कारकून रोज ढीग मोजतो आणि घरी पत्र लिहायचं उद्यावर टाकतो. एवढंच. मी मान वर केली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती आणि माझ्या जिभेला खारट चव होती. खोटं सांगत नाही. मी उठून पाणी प्यायलो. स्वयंपाकघरात उभा राहून मला भीती वाटली, देवळात चुकून गाभाऱ्यात शिरल्यावर वाटेल तशी. हे सगळं, हे पाणी, या टाचा, ही माणसं, अकरा वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरून गेली होती. तीनदा. मी खाली मान घालून एकेक ओळ झाकत, उघडत होतो आणि त्या पुठ्ठ्याच्या पलीकडे एवढा मोठा समुद्र आटत होता. आणि हे एकच पुस्तक नव्हे. एकतीस वर्षांत किती गेली असतील? त्या विचारानं मी नळ चालू ठेवून तसाच उभा राहिलो. हे कोणी लिहिलं असेल, एका माणसानं, बसून, माझ्यासारखंच खांदे दुखत असताना? आणि लिहून निघून गेला, आणि पाणी अजून आटतंय. माझ्या फळीवरच्या डॉक्टरबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो माझा मित्र आहे, त्यानं मला कधी फसवलं नाही. पण त्याच्या घरात मी पाहुणा म्हणून बसत होतो, पाय वर घेऊन. इथे मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. मी आपला दारात उभा राहून बघत होतो आणि डोळे भरून येत होते, कशासाठी ते कळत नव्हतं.

बुधवार गेला. गुरुवार गेला. दूधवाल्याला दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा मला असा दिसला, जसा कधी दिसला नव्हता. भुवईवर जुना व्रण होता, आणि पंधरा वर्षं तो माझ्याकडे दूध घालतोय. बोट ओळीखालून केव्हा निघालं ते आठवत नाही. आता डोळे पळत होते आणि मी त्यांना पळू देत होतो. कारकुनाची बायको हळूहळू मोठी होत होती. ती फारशी बोलत नाही. लोकांचे कपडे शिवते, मुलांना वाढवते, नवऱ्याची पत्रं यायची थांबतात तेव्हा पोस्टमनला रस्त्यातच बघून मान हलवते, म्हणजे त्याला दारात येऊन 'नाही' म्हणावं लागू नये. हे वाचून मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. आक्का अशीच होती. दुसऱ्याला शरमावं लागेल असं ती काही घडूच द्यायची नाही.

गुरुवारी दुपारी मी चारशे बारा पानावर आलो. आलो तो चालत आलो, मागच्या चारशे अकरा पानांच्या रस्त्यानं, आणि या वेळी मी अडखळलो. ती बटण लावते, दिवा मालवते. आणि मग तो उभा असतो? अंधाऱ्या खिडकीकडे पुष्कळ वेळ पाहत? नाही. काहीतरी पायाखाली हललं. मी पान उजेडाकडे धरलं आणि तेव्हा मला समासातली पेन्सिल दिसली. इतकी फिकट, की सोमवारी ही प्रत समोर असती तरी दिसली नसती. वरच्या परिच्छेदाच्या डोक्यावरून निघून खालच्या परिच्छेदाच्या पोटाखालून गेलेली नागमोडी रेघ. जागा बदलण्याची खूण. माझी खूण, मी शिकवलेली. रेघ थरथरती होती, दोन ठिकाणी तुटलेली, न दिसणाऱ्या डोळ्यांनी काढलेली. आणि तिच्याखाली एकापुढे एक टिंबं, आणि समासात आक्काच्या अक्षरात, 'असू दे'.

मी शिंप्याचं पत्र काढलं आणि त्याच्या खालच्या ओळी पहिल्यांदा वाचल्या. 'दिव्याखाली सुईकाम करणाऱ्यास मान वर केल्याबरोबर बाहेरचे काही दिसत नाही,' त्यानं लिहिलं होतं. 'डोळ्यांना अंधार सवयीचा व्हावा लागतो. ती खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली ती हवेसाठी नव्हे. तिला कोणी आल्याचे कळले होते आणि तिला पाहावयाचे होते. म्हणून तो आधी पाहिजे व ती नंतर. तिने त्याला जाताना पाहिले आहे, साहेब. आणि मग तिने दिवा मालवला आहे. हे उलटे छापले तर शेवट वाया जातो.' हा माणूस चाळीस वर्षं दिव्याखाली बसला असेल, आणि त्याच्या सुईएवढ्या अनुभवावर हे एवढं पुस्तक तोललं गेलं होतं. पण शेवट वाया जातो म्हणजे काय? पुढे सव्वादोनशे पानं होती. बसचं तिकीट अजून चारशे साठवर होतं. मी ते हलवलं नाही, नुसतं ओलांडून पुढे गेलो.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेवटच्या पानावर पोचलो. कारकून म्हातारा होऊन परत आलेला असतो. कमाई काही नाही. कोणी जमत नाही, मुलगा दुसऱ्या गावी असतो. बायको दार उघडते आणि आत ये असंही म्हणत नाही, नुसती बाजूला होते. तो जेवायला बसतो. जेवता जेवता सांगतो, की मी मध्ये एकदा आलो होतो. रात्र झाली होती, घरात अंधार होता, सगळी झोपलेली, म्हणून उठवलं नाही. मी मागे जाऊन चारशे बारा पान पुन्हा काढलं. कारण आमच्या आवृत्तीत ते खरं होतं. माझ्या आवृत्तीत, जिच्यावर माझी सही होती, दिवा आधीच मालवलेला होता आणि तो बिचारा अंधार पाहून गेला होता. पण लिहिणाऱ्यानं ते खोटं म्हणून लिहिलं होतं. खिडकीत दिवा होता, ती जागी होती, तिनं त्याची पाठ पाहिली होती, हे तिला माहीत, आपल्याला माहीत, आणि तो समोर बसून खोटं बोलतोय. आणि ती काय म्हणते? 'हो,' ती म्हणाली, 'त्या दिवशी आम्ही लवकर झोपलो होतो.' मग तिने ताट त्याच्याकडे थोडे सरकवले आणि मीठ कमी वाटले तर सांगा, असे म्हणाली. संपलं. त्याखाली पांढरं पान, आणि उजव्या कोपऱ्यात, आक्काच्या जन्माच्या सवयीप्रमाणे, पुस्तक संपवल्याची तारीख. पेन्सिलीनं. अंक एकमेकांवर चढलेले.

माझ्या वाढदिवसाच्या आठ दिवस आधीची.

मी तारीख तीन वेळा तपासली, उजवीकडून डावीकडेही. मग पुस्तक तसंच उघडं ठेवून हात मांडीवर ठेवले. तिनं वाचलं होतं. शेवटपर्यंत, त्या तसल्या डोळ्यांनी, एकेक अक्षर ओढत, आणि शेवट वाचून मागे गेली होती, दोनशे पानं, माझी चूक शोधायला, आणि ती तिला सापडली होती. माझ्या भावानं हे वाचलेलं नाही, हे तिला त्या पानावर कळलं असणार. मग तिनं तिकीट चारशे साठवर घातलं असेल, मी यायच्या आधी, आणि वाट पाहिली असेल. पुढे काय होतं, सांग बाबू. तो आमचा खेळ होता, तिच्या बाजूनं. बोट मध्ये ठेवून, पुस्तक मिटून. मी आपला खोटं बोलत बसलो, कान तापवून, सगळ्यांना एका खोलीत कोंबून, आणि ती समोर पडून ऐकत होती. बरं झालं, परत आला ना. माझ्या हातावर थोपटलं होतं तिनं. मी रडलो, ते चार वर्षांपूर्वी रडायचं राहिलं होतं तसा रडलो, पण त्यात लाज नव्हती, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. मी कोणापुढे बसलो होतो ते मला कळलं नव्हतं, एवढंच. एवढं मोठं माणूस माझ्या हाताला धरून अक्षरं शिकवत होतं, सामानाच्या यादीत टिंबं देत होतं, आणि मी त्याला आक्का म्हणून हाक मारत होतो.

शनिवारी मालकांच्या टेबलावर मी चारशे बारा पानावर लाल शाईनं नागमोडी रेघ काढली, शेजारी सही केली. मालकांनी भुवया उंचावल्या. म्हणाले, नक्की ना? ग्रंथालयात बघून आलात? मी म्हटलं, नाही, वाचून आलो. मग मी त्यांना सांगितलं, की अकरा वर्षांपूर्वीची चूक माझी आहे, आणि शिंप्याला उत्तर मी स्वतः लिहितो, छापखान्याच्या कागदावर नको. ते जरा बावरले, पण हो म्हणाले. उत्तर लिहायला मला दोन ओळी पुरतील असं वाटलं होतं, पान भरलं. शेवटी सगळं खोडून एवढंच ठेवलं: आपण म्हणता ते बरोबर आहे. ते पुस्तक मी तपासले होते, वाचले नव्हते. माझ्या बहिणीने ते वाचले होते आणि चूक तिलाही सापडली होती, पण ती मला बोलली नाही. आपण बोललात म्हणून मी आता वाचले. पत्ता घालून पाकीट बंद केलं.

आक्काची प्रत परत द्यायला रविवारी भाचीकडे गेलो. तिनं पानं चाळली, तिकीट पाहिलं, म्हणाली, "आईचं अर्धंच राहिलं ना वाचायचं. काय होतं मामा शेवटी? तुम्हाला माहीतच असेल." मी खुर्ची ओढली. मग तिच्या हातातून पुस्तक घेतलं, तिला समोर बसवलं, पहिलं पान काढलं आणि ओळीखाली बोट ठेवलं.